ला पाझचा रोपवे: डोंगरावरच्या माणसांची रोजची गाडी

बोलिव्हियाला जाऊन आले म्हटलं की ओळखीचे लोक आधी मिठाच्या वाळवंटाचे फोटो मागतात. उयुनीचं ते मिठागर आहेच तसं. दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं, नजर संपते पण मीठ संपत नाही. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते ला पाझ शहरातल्या रोपवेबद्दल. 'मी तेलेफेरिको' असं त्या सेवेचं नाव, स्पॅनिशमध्ये 'माझा रोपवे'. बोलिव्हियाची सरकारी कंपनी ती चालवते, यंत्रणा उभारली ऑस्ट्रियाच्या डोपलमायरने, आणि आज तिच्या दहा लाइनी मिळून तीस किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं शहरावर पसरलंय. शहरातल्या रोजच्या वाहतुकीसाठी एवढं मोठं रोपवेचं जाळं जगात दुसरीकडे नाही.

आपल्याकडे रोपवे म्हटलं की रायगड आठवतो. वर्षातून एकदा जायचं, रांगेत उभं राहायचं, मुलांना खिडकीकडे बसवायचं. ला पाझचा रोपवे तसा नाही. त्यात सकाळी डबा घेतलेले कामगार असतात, शाळेची मुलं असतात, बटाट्याचं पोतं घेतलेल्या बायका असतात.

मी कोणत्या नजरेने हे बघितलं ते सांगायला हवं. माझी सगळी नोकरी घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावर गेली. महापालिकेची आरोग्यसेविका होते. पोलिओच्या डोसचा डबा खांद्याला लावून त्या पायऱ्या चढायच्या, घराघरात बाळं मोजायची, गरोदर बायकांच्या नोंदी करायच्या. डोंगरावर राहणं म्हणजे काय असतं ते खाली राहणाऱ्याला समजत नाही. गॅसचा सिलिंडर वर न्यायचे वेगळे पैसे. पाण्याचे हंडे. कळा सुरू झालेल्या बाईला खुर्चीत बसवून चार पोरांनी अरुंद पायऱ्यांवरून खाली आणायची, मग रस्त्यावर रिक्षा बघायची. म्हणून ला पाझला पोचल्यावर मी पहिल्यांदा डोंगराकडे बघितलं आणि वरची माणसं खाली कशी येत असतील, हा प्रश्न डोक्यात आला. त्याचं उत्तर तारेवरून सरकत होतं.

लेक ब्राझीलला साओ पावलोत नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो होतो, तिथून बोलिव्हियातल्याच सांता क्रूझ शहरामार्गे आम्ही तिघं ला पाझला गेलो, मी, हे आणि लेक. मुंबईत एका ट्रॅव्हलवाल्याने बोलिव्हियाचं नाव काढताच मान हलवली होती. "काकू, तिकडे काय आहे? त्यापेक्षा पेरू घ्या, माचू पिचू घ्या." पेरू सुंदरच असेल. पण बोलिव्हियाला काही नाही असं म्हणणाऱ्याने हे शहर बघितलेलं नाही एवढं नक्की.

ला पाझ एका खोलगट दरीत वसलंय. मधला भाग समुद्रसपाटीपासून साधारण ३६०० मीटर उंच. दरीच्या काठावर, सपाट पठारावर, एल आल्तो हे दुसरं शहर, ४१०० मीटरच्या आसपास. विमानतळ तिथेच. एल आल्तोत बहुतेक लोक आयमारा, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, पठारावरच्या खेड्यांतून आलेले. १९८५ नंतर सरकारी कथिलाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा कामावरून काढलेले खाणकामगार कुटुंबांसकट इथे आले. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसं मुंबईच्या डोंगरांवर आली, तेच. आज एल आल्तोची वस्ती ला पाझपेक्षा जास्त आहे. कामं मात्र पुष्कळशी खाली दरीत. म्हणजे रोज लाखो माणसांनी उतरायचं आणि चढायचं. पूर्वी त्याला मिनीबस हाच मार्ग होता, वळणावळणाच्या रस्त्यावर तास-तास अडकून. मिनीबस अजूनही आहेत, खिडकीतून एकजण थांब्यांची नावं ओरडत असतो, आणि शहराची बरीच माणसं अजून त्याच वाहतात.

पहिली लाल लाइन सुरू झाली ३० मे २०१४ रोजी, एव्हो मोरालेस अध्यक्ष असताना. ही तारीख वाचली आणि मी थबकले. आपली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली ८ जून २०१४ ला. नऊ दिवसांचं अंतर! दोन्ही शहरांत दोन नव्या गाड्या एकाच वेळी आल्या. आमची मेट्रो असल्फ्याच्या पायथ्याशी थांबते. स्टेशनला नावही असल्फा दिलंय, आणि मेट्रोतून तो डोंगर, रंगवलेली घरं छान दिसतात. पण वरच्या बाईला स्टेशनात यायला अजून त्याच पायऱ्या उतराव्या लागतात. ला पाझची गाडी डोंगर चढून वर गेली. मेट्रोने घाटकोपर-अंधेरीचा प्रवास किती सुखाचा केला ते मी स्वतः अनुभवलंय, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. फरक दिसला तो सांगितला.

आता प्रत्यक्ष सेवा. आम्ही सुरुवात केली सेंट्रल स्टेशनवरून. ही जागा म्हणजे ला पाझचं जुनं रेल्वे स्टेशन, तिथूनच लाल लाइन निघते. स्टेशनं स्वच्छ, पाट्यांवर स्पॅनिशबरोबर आयमारा नाव. तिकीट खिडकीवर तीन बोलिव्हियानो दिले. सरकारी दराने आपले पस्तीस-चाळीस रुपये झाले. कार्ड घेतलं तर एका लाइनीवरून दुसरीवर जाताना पुढचं तिकीट दोन बोलिव्हियानोंत पडतं. तिथल्या ज्येष्ठ नागरिकांना, विद्यार्थ्यांना आणि अपंगांना निम्मं भाडं.

ट्रॉलीत समोरासमोर दोन बाकं, दहा माणसांची जागा. आणि दर बारा सेकंदांनी एक ट्रॉली. बारा सेकंद! गाडी चुकली ही कल्पनाच तिथे राहत नाही. कोणी धावत नाही, कोणी कोपर मारत नाही. ट्रॉली स्टेशनात शिरली की वेग अगदी कमी होतो, दार आपोआप उघडतं, फलाटावरचा माणूस रांगेतली माणसं मोजून पुढे सोडतो. उभं राहून प्रवास नाहीच, प्रत्येकाला बसायला जागा. दादरला लेडीज डब्यात चढून अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला याचं काय वाटलं असेल ते मुंबईच्या वाचकाला सांगायला नको.

त्या फलाटावरच्या कर्मचाऱ्यांचं काम मी बराच वेळ उभी राहून बघितलं. एका म्हाताऱ्या बाईला काठी घेऊन चढायचं होतं. ट्रॉली हळू असली तरी सरकत असते, म्हातारीचा पाय उचलेना. तिथल्या मुलीने एक हात वर करून आतल्या माणसाला खूण केली, गती आणखी कमी झाली. मग तिने म्हातारीच्या दंडाला धरलं नाही, आपला हात पुढे केला आणि म्हातारीला तो धरू दिला. हे शिकवलेलं असतं. आम्हालाही प्रशिक्षणात सांगायचे, वयस्कर माणसाला ओढू नका, आधार द्या. तारेवरचा सगळा रोपवे एका म्हातारीसाठी मंदावला आणि मागच्या रांगेत कोणी चकार शब्द काढला नाही.

आत शिरणारा माणूस आधी बसलेल्यांना 'बुएनोस दियास' म्हणतो. अनोळखी असला तरी म्हणतो, आणि आतले उत्तर देतात. उतरताना पुन्हा निरोप. ह्यांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या फेरीपासून तेच आधी म्हणायला लागले.

लाल लाइन सेंट्रल स्टेशन ते एल आल्तोतलं 'सोळा जुलै' स्टेशन, तीन स्टेशनं, साधारण दहा मिनिटं. ट्रॉली शहराच्या मोठ्या दफनभूमीवरून जाते. तिथे जमिनीत पुरण्यापेक्षा भिंतीत खण करून ठेवायची पद्धत आहे, खणाला काचेचं दार, आत फुलं, फोटो, लहान लहान वस्तू. वरून बघताना रांगाच रांगा दिसतात. मग उघड्या विटांची, प्लास्टर न केलेली घरं सुरू होतात आणि ट्रॉली जवळजवळ भिंतीसारख्या चढावावरून वर सरकते. घरांच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, कुत्रे, पाण्याच्या टाक्या.

आमच्या समोर एक चोलिता बसली होती. चोलिता म्हणजे तिथल्या पारंपरिक वेशातली बाई. घेरदार परकरांचे थर, दोन लांब वेण्या, डोक्यावर गोल टोपी, आणि पाठीवर रंगीत पट्ट्यांचं जाड कापड, आवायो. आवायोची गाठ छातीवर. आत बाळ होतं. आपल्याकडे शेतावर जाणारी बाई झोळीत पोर बांधते तसंच, फक्त पाठीवर. मी बोटाने विचारलं किती महिन्यांचं, तिने आठ बोटं दाखवली. लेकीने स्पॅनिशमध्ये थोडं बोलून घेतलं, ती खालच्या दवाखान्यात बाळाला लस द्यायला गेली होती, आता घरी निघाली होती. बाळाच्या मांडीवर कापसाचा बोळा चिकटपट्टीने लावलेला होता. चाळीसेक रुपये, दहा मिनिटं, आणि बाई बसून घरी. माझ्या डोळ्यांपुढे असल्फ्याच्या किती बायका येऊन गेल्या. लस चुकते ती आईला काळजी नसते म्हणून, असं कोणी म्हटलं की मला राग येतो. दोनशे पायऱ्या उतरून, रांगेत उभं राहून, रडणारं पोर घेऊन पुन्हा चढायचं असेल आणि घरी दुसरं पोर एकटं असेल तर लस चुकते.

वर एल आल्तोला गुरुवारी आणि रविवारी प्रचंड बाजार भरतो, स्टेशनच्या दारातच. जुने कपडे, मोटारीचे सुटे भाग, नळ, खिळे, पिल्लं, सगळं. पर्स पुढे धरून चाला. तिथे जांभळ्या मक्याचं गरम पेय मिळतं, आपी, दालचिनी-लवंग घातलेलं, सोबत चीज भरलेली तळलेली मोठी पुरी. त्या थंडीत ते पोटात गेलं की जिवात जीव येतो. शाकाहारी माणसाचा तिथे मोठा आधार आहे हा.

पुढे आम्ही रुपेरी लाइन धरली. ती दरीच्या काठाकाठाने जाते, एका बाजूला एल आल्तोची सपाट वस्ती आणि दुसऱ्या बाजूला खाली सगळं ला पाझ. हवा स्वच्छ असली तर इलिमानी दिसतो, ६४३८ मीटरचा, बर्फाने झाकलेला. मग पिवळी लाइन खाली आणते आणि तिच्या टोकाला हिरवी सुरू होते, ती दक्षिणेकडच्या श्रीमंत भागात इर्पावीपर्यंत जाते. लाल, रुपेरी, पिवळी, हिरवी, सगळं मिळून कार्डावर नऊ बोलिव्हियानो. शंभर-सव्वाशे रुपयांत एका शहराची अख्खी उतरंड बघून झाली. हॉटेलजवळ एकजण हाच प्रवास 'टूर' म्हणून डॉलरमध्ये विकत होता. कृपा करून घेऊ नका. स्टेशनात जा, तिकीट काढा, बसा.

ला पाझमध्ये श्रीमंत खाली राहतात. खाली हवा उबदार, प्राणवायू जास्त. आपल्याकडे मलबार हिल, पाली हिल पैसेवाल्यांनी घेतले आणि घाटकोपर-विक्रोळी-भांडुपचे डोंगर कष्टकऱ्यांच्या वाट्याला आले. ला पाझला उंची म्हणजेच गरिबी. हिरव्या लाइनीत बसलं की पायाखाली बागा आणि कुंपणांच्या भिंती दिसतात, आणि शेजारी बसलेली बाई त्याच बंगल्यांपैकी एकात स्वयंपाकाला निघालेली असते. बंगल्यातली बाई आणि ही, दोघींना एकाच तारेने जोडलंय. हे मला या सेवेचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापते तो भाड्यासाठी. प्रत्येक लाइनीला वेगळं तिकीट, त्यामुळे ज्याला रोज दोन-तीन लाइनी बदलाव्या लागतात त्याला महिन्याला चांगलाच खर्च येतो, आणि असा माणूस बहुधा सगळ्यात दूर राहणारा असतो. शिवाय वीज कडाडायला लागली किंवा वारा फार वाढला की सेवा थांबवतात. ते योग्यच आहे, पण पावसाळ्यात त्याचा भरवसा धरून विमान गाठायला निघू नये. प्रत्येक लाइन वर्षातून काही दिवस देखभालीसाठी बंद ठेवतात, त्याची सूचना स्टेशनवर लावलेली असते, बघून घ्यावी. रविवारी उशिरा सुरू होतं आणि रात्री लवकर संपतं.

हे मुंबईत होईल का, असं परत आल्यापासून मला बरेच जण विचारतात. लाल लाइन एका दिशेला तासाला साधारण तीन हजार माणसं नेऊ शकते. आपली बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी त्याहून जास्त माणसं एका खेपेत आणते. तेव्हा लोकलला पर्याय म्हणून रोपवे मागणाऱ्याने आधी हिशोब करावा. पण मेट्रोच्या स्टेशनापासून डोंगराच्या माथ्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला तीन हजार पुरून उरतात. बांधायला जमीन फक्त खांबांपुरती लागते, आणि डोंगरावरच्या वस्तीत जमीन हीच तर अडचण असते. आपल्याकडे तंत्र नाही असंही नाही. सप्तशृंगी गडावर रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली चालते, वाराणसीत शहरातल्या वाहतुकीसाठी रोपवेचं काम हाती घेतलंय. देवाला जायची सोय झाली, आता दवाखान्यात जायची व्हावी. असल्फा, सूर्यानगर, भांडुपचा डोंगर, कुठूनही सुरुवात करा.

जाणाऱ्यांसाठी थोडं तब्येतीचं, कारण तो माझा विषय. बोलिव्हियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. तो नसेल तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, आणि एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. केंद्रात ठरलेल्या वारीच बोलावतात म्हणून लोक चिडतात. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती एकदा तयार केली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं गोळा करून देतात. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलावं. मी बोलले होते.

उंचीचा त्रास खराच होतो. सांता क्रूझ जेमतेम चारशे मीटरवर, तिथून तासाभरात विमान चार हजार मीटरवर उतरवतं. पहिल्या दिवशी काही ठरवू नका. हळू चाला, पाणी प्या, हलकं जेवा. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तिथे तो कायदेशीर आहे आणि मला त्याने बरं वाटलं. पण ती पानं किंवा त्याच्या चहाच्या पुड्या बॅगेत घालून आणू नका, कोकाचं पान आपल्या अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात येतं. डोकं ठणकत असेल, उलट्या होत असतील तर रोपवेने वर एल आल्तोला जाऊ नका, उलट हिरव्या लाइनीने खाली जा. लेक मला सारखी विचारायची, "आई, दम लागलाय का? लपवू नकोस हं." चार पावलं टाकून थांबत गेलं की जमतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मुंबईतच सल्ला घेऊन निघावं, आणि उंचीवरच्या गोळ्याही विचारूनच.

मे ते ऑक्टोबर कोरडे महिने. जून-जुलैत रात्री गोठवणारी थंडी असते, पण डोंगर लख्ख दिसतात. नोव्हेंबर ते मार्च दुपारनंतर गडगडाटी पाऊस, तेव्हा फिरायचं ते सकाळी उरकून घ्या. सकाळी कामाला जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, नऊच्या सुमाराला निघालात तर खिडकीची जागा हमखास मिळते आणि त्यांची खोटीही होत नाही. कार्ड पहिल्याच दिवशी घ्या, आणि सुटे बोलिव्हियानो जवळ ठेवा.